एकाच बाटलीचा वास तिघींना फुलांचा, मला आंबूस. हे जीन्समुळे असतं का?

रेणुवेडी:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी केमिस्ट्रीत एमएस्सी करतेय. गेल्या आठवड्यात लॅबमध्ये बीटा-आयोनोनची बाटली उघडली होती, व्हायोलेटच्या फुलांच्या वासाचं द्रव्य, परफ्युममध्ये सर्रास असतं ते. कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून आम्ही चौघींनी हुंगलं. तिघी एका सुरात म्हणाल्या, किती छान, फुलांसारखा मऊ वास. आणि मला आला तो आंबूस, व्हिनेगरच्या जवळ जाणारा, नाकाला टोचणारा. मला वाटलं त्या माझी गंमत करतायत आणि त्यांना वाटलं मी करतेय. पट्टी बदलली, दुसऱ्या दिवशी परत करून बघितलं, तेच. बाकीचे वास मला व्यवस्थित येतात, सर्दी नाही, ॲलर्जी नाही.

थोडं वाचलं तेव्हा कळलं की नाकात वास पकडणारी प्रोटीन्स असतात, त्यांना ओल्फॅक्टरी रिसेप्टर म्हणतात, त्यांचे जीन्स प्रत्येकात थोडे वेगळे असतात. पण तीन ठिकाणी अडलेय. पहिलं म्हणजे नमुना घरी नेऊन आईबाबांना हुंगायला दिला तर दोघांनाही फुलांचाच वास आला, मग माझ्यात हे जीन्समधून कुठून आलं? दुसरं, माणसात असे रिसेप्टर म्हणे चारशेच, वास तर अगणित, मग हे भागतं कसं? आणि तिसरं जे मला सगळ्यात जास्त छळतंय, माझा एखादा रिसेप्टर बिघडलेला असेल तर वास यायलाच नको ना, वेगळाच वास का येतो?

खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटतेय. पुढे सुगंधी द्रव्यांवरच काम करायची इच्छा आहे माझी.

जुनी_वही:

आधी नाक-कान-घसावाल्या डॉक्टरांना दाखवून घे. नाकाचं हाड वाकडं असलं किंवा आत सूज असली तरी वासात फरक पडतो, माझ्या भावाचं तसंच झालं होतं.

चेतातंतू:

@जुनी_वही सल्ला चुकीचा नाही, पण हाड वाकडं असेल किंवा सूज असेल तर हवाच नीट वर पोचत नाही, त्यामुळे सगळेच वास मंद होतात. इथे एकच द्रव्य वेगळं लागतंय, बाकी सगळं ठीक आहे आणि रोज तेच होतंय. ही खूण रिसेप्टरची आहे.

रेणुवेडी, तुझं नशीब चांगलं की नेमकं बीटा-आयोनोन सापडलं, कारण वासाच्या जनुकांमध्ये इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं क्वचितच मिळतं. या द्रव्यासाठी जो मुख्य रिसेप्टर आहे त्याचं नाव ओआर५ए१. त्याच्या अमिनो ॲसिडच्या (प्रोटीनच्या मण्यांच्या) साखळीत १८३ व्या जागी काही लोकांत ॲस्पार्टिक ॲसिड असतं आणि काहींत ॲस्पॅराजीन. डीएनएमधल्या एका अक्षराचा फरक, बस. ॲस्पार्टिकवाला रिसेप्टर आयोनोनला झटकन प्रतिसाद देतो, ॲस्पॅराजीनवाला जवळजवळ देतच नाही. २०१३ मध्ये यावर जो अभ्यास आला त्यात लोकांच्या संवेदनशीलतेतला ९६ टक्के फरक या एका बदलाने समजावता आला. माणसाच्या कुठल्याही जाणिवेबाबत एका अक्षरावर इतकं काही ठरणं फार दुर्मिळ आहे. आणि आता ऐक, त्याच अभ्यासात ज्यांचा रिसेप्टर चालत नव्हता त्यांनी या द्रव्याचं वर्णन कसं केलं होतं माहितीये? आंबट, तीक्ष्ण, व्हिनेगरसारखं. तुझे शब्द वाचताना मी खुर्चीतून उठलो अक्षरशः.

आईबाबांचं कोडं सोपं आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून एक वडिलांकडून. दोन्हींपैकी एक प्रत जरी चालू असली तरी वास येतो, म्हणजे चालू प्रत प्रभावी. तुझ्या आईबाबांकडे बहुतेक एक चालू एक बंद अशी जोडी आहे, दोघांनाही फुलं येतात, आणि तुला दोघांकडूनही बंद प्रत मिळाली. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला ती शक्यता चारात एक असते. बहीण-भाऊ असेल तर त्यांनाही हुंगायला दे, मजा येईल.

आता चारशेचा हिशोब. इथे थोडं मागे जावं लागेल, कारण हे सगळं कळलं कसं तेच मुळात सुंदर आहे. १९९१ पर्यंत नाकातले रिसेप्टर कुणीच बघितले नव्हते. वास आला की पेशीच्या आत सायक्लिक एएमपी, म्हणजे निरोप पोचवणारा छोटा रेणू, वाढतो आणि तिथे जी-प्रोटीनचा, म्हणजे रिसेप्टरचा इशारा आत नेणाऱ्या प्रोटीनचा, हात असतो एवढं माहीत होतं. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी त्यावरून अंदाज बांधला की रिसेप्टरही जी-प्रोटीनशी जोडलेल्या मोठ्या घराण्यातलेच असणार, पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार जाणारे, प्रकार पुष्कळ असणार, आणि ते फक्त नाकातल्या पेशींत मिळणार. या तीन अटी धरून त्यांनी उंदराच्या जातीच्या रॅटच्या नाकातला माल पीसीआरने, म्हणजे हव्या डीएनए तुकड्याच्या भरपूर प्रती काढायच्या तंत्राने, शोधला आणि एकदम अठरा नवे जीन्स हाती लागले, तेही एका प्रचंड कुटुंबाचे नुसते नमुने. पुढे २००४ चं नोबेल दोघांना मिळालं. पुराव्याआधी तर्क इतका नेमका बांधणं याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

माणसाच्या जीनोममध्ये हे कुटुंब सगळ्यात मोठं आहे. चालू जीन्स साधारण ४००, आणि त्याहून जास्त बंद पडलेले, ज्यांना स्यूडोजीन म्हणतात. आपले प्रोटीन बनवणारे जीन्स एकूण वीस हजारांच्या आसपास धरले तर दर पन्नासात एक नुसता वासासाठी! २० नंबरचं आणि वाय गुणसूत्र सोडलं तर हे सगळीकडे पसरलेत, पण सगळ्यात मोठी वस्ती ११ नंबरच्या गुणसूत्रावर आहे, तुझा ओआर५ए१ पण तिथलाच. जीन्स छोटेसे, प्रोटीन सव्वातीनशेच्या आत-बाहेर अमिनो ॲसिडचं, आणि प्रोटीनचा मजकूर मध्ये न तुटता सलग.

आणि एवढ्यात भागतं कसं, तर एक वास म्हणजे एक रिसेप्टर असं नसतंच. बक यांच्याच गटाने १९९९ मध्ये एकेकट्या चेतापेशी घेऊन दाखवलं की एक रेणू अनेक रिसेप्टर चाळवतो, कुठला जोरात कुठला हळू, आणि एक रिसेप्टर अनेक रेणूंना ओळखतो. मेंदू वाचतो तो चारशेंपैकी कोण कोण पेटलं त्याचा नमुना. आपल्या वर्णमालेत अक्षरं पन्नासच्या आसपास, पण शब्दकोश केवढा होतो! तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. "वारा" मधला शेवटचा काना पुसला की "वार" उरतो. शब्द अर्धवट राहत नाही, वेगळाच होतो. तुझ्या नाकात आयोनोनचा मुख्य रिसेप्टर गप्प आहे, पण जास्त प्रमाणात दिलं की दुसरे काही रिसेप्टर थोडेफार जागे होतात, त्यांचा जो नमुना उरतो तो तुझ्या मेंदूला आंबूस वाटतो. त्या तिघींच्या नाकातही हे दुसरे रिसेप्टर जागे होत असणारच, पण ओआर५ए१ च्या आवाजात ते ऐकूच येत नसतील. हे शेवटचं वाक्य माझा तर्क आहे हं.

रेणुवेडी:

बाप रे. वार आणि वारा!! हे मी आयुष्यभर विसरणार नाही. खूप खूप आभार.

एक समजलं नाही. एका चेतापेशीवर एकच रिसेप्टर असतो असं वाचलं, मग आईकडे एक चालू एक बंद प्रत असेल तर तिच्या पेशींत दोन्ही एकत्र असतात का?

चेतातंतू:

नाही, आणि हाच भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. नाकातली प्रत्येक वासपेशी परिपक्व होताना चारशेंपैकी एकच जीन निवडते, आणि त्या जीनच्याही दोन प्रतींपैकी एकच, आईची किंवा बाबांची. बाकी सगळे घट्ट गुंडाळून बंद. निवड बरीचशी नशिबावर, पण एकदा एक रिसेप्टर बनायला लागला की तोच आतून निरोप पाठवतो की आता दुसरा उघडू नका. डीएनएवर लांब लांब विखुरलेले नियंत्रक तुकडे, अगदी वेगवेगळ्या गुणसूत्रांवरचे, एका जागी गोळा होतात आणि त्या एका जीनला चालू करतात. त्या तुकड्यांना संशोधकांनी ग्रीक बेटांची नावं दिलीयेत. म्हणजे तुझ्या आईच्या नाकात ओआर५ए१ निवडलेल्या पेशींपैकी साधारण निम्म्या आयोनोन पकडतात आणि निम्म्या गप्प. निम्म्याच पुरतात असं दिसतं.

पुढे या पेशींचे धागे नाकाच्या छताच्या चाळणीसारख्या हाडातून वर मेंदूत जातात, ओल्फॅक्टरी बल्बमध्ये, आणि तिथे एकाच रिसेप्टरच्या सगळ्या पेशींचे धागे शोधत शोधत ठरलेल्या मोजक्या गाठींवरच येऊन मिळतात, त्या गाठींना ग्लोमेरुली म्हणतात. नाकात या पेशी विखुरलेल्या, पण बल्बमध्ये पोचेपर्यंत सगळी पांगापांग मिटलेली असते. मेंदूला मग नकाशा वाचता येतो.

पेशीच्या आत काय होतं ते तुला केमिस्ट्रीवाली म्हणून आवडेल. रेणू ओल्या थरात विरघळून सिलियावर, म्हणजे पेशीच्या केसांसारख्या तंतूंवर, रिसेप्टरच्या खिशात बसतो. रिसेप्टर जी-प्रोटीनला ढकलतो, ते ॲडेनायलिल सायक्लेजला, ते सायक्लिक एएमपी बनवतं, त्याने एक वाहिनी उघडते, सोडियम आणि कॅल्शियम आत. मग कॅल्शियममुळे दुसरी वाहिनी उघडते आणि क्लोराईड बाहेर जातं. बहुतेक चेतापेशींत क्लोराईड आवाज दाबण्याचं काम करतं, इथे पेशीने ते आत साठवून ठेवलेलं असल्याने उलटं होतं, ते बाहेर गेल्याने संकेत आणखी वाढतो.

गंधकोश:

मी सुगंध बनवणाऱ्यांपैकी, बरीच वर्षं या कामात आहे. रेणुवेडी, तू जी भीती लिहिलीस ना त्यावर बोलायचंय फक्त.

आमच्या कामात प्रत्येकाला काही ना काही वास येत नाही. खरंच प्रत्येकाला. कस्तुरीच्या जातीच्या द्रव्यांत तर हे रोजचं आहे, एकाला गॅलॅक्सोलाइड भरपूर येतं आणि मस्कोन नाही, दुसऱ्याला उलटं. मला स्वतःला एक मस्क, म्हणजे कस्तुरीसारखं द्रव्य, अजिबात येत नाही, पट्टी कोरी वाटते, आणि सुरुवातीला मी हे लपवायचे. दोन वर्षं लपवलं. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सगळ्यांसमोर शांतपणे सांगितलं की त्यांना अमुक तीन द्रव्यं येत नाहीत, ते ती यंत्राच्या आकड्यावर आणि दुसऱ्याच्या नाकावर सोडतात. त्या दिवसापासून मी वहीत पहिल्याच पानावर माझी यादी लिहिते. कुठलाही नमुना एका नाकावर पास होत नाही, तीन-चार जण हुंगतात ते यासाठीच. तेव्हा हे माहीत असणं हीच तुझी जमेची बाजू, नसतं माहीत तर एखाद्या मिश्रणात आयोनोन ओतत बसली असतीस.

नीट तपासायचं असेल तर असं कर. वास नसलेलं मिनरल ऑइल घे, त्यात आयोनोन दहापट, शंभरपट, हजारपट पातळ कर. प्रत्येक पातळीला तीन पट्ट्या, एकीवर द्रव्य, उरलेल्या दोन्हींवर नुसतं तेल. पट्ट्या कुणीतरी दुसऱ्याने लावायच्या आणि हुंगणाऱ्याने वेगळी कुठली ते सांगायचं, माहीत नसेल तरी एक निवडायचीच. तीनात एक नशिबाने बरोबर येणार हे धरून प्रत्येक पातळी पाच-सहा वेळा कर. मध्ये निदान मिनिटभर थांब, आयोनोनला नाक फार पटकन थकतं, ज्यांना येतं त्यांनाही दोन-चार श्वासांनंतर नाहीसं झाल्यासारखं वाटतं. आणि हवा खेळती ठेव.

चेतातंतू:

@गंधकोश ताई, वहीतल्या यादीची गोष्ट फार आवडली. अशा न येणाऱ्या वासांवर जॉन अमूर या वासाच्या संशोधकांनी कितीतरी आधी, रिसेप्टर सापडायच्याही आधी, काम केलं होतं. त्यांचं म्हणणं असं की रंगांधळेपणावरून जसं डोळ्यातले मूळ रंग समजले तसं अशा वासांधळेपणावरून नाकातले मूळ वास समजतील. मूळ वास मोजके नाहीत हे नंतर कळलं, पण धागा बरोबर पकडला होता.

मस्कोनसाठी ओआर५एएन१ आहे, गॅलॅक्सोलाइडसाठी ओआर४डी६. वेगवेगळे रिसेप्टर, म्हणून एकाला हे येतं आणि दुसऱ्याला ते.

पेशीतला_माणूस:

माणूस एक लाख कोटी वास ओळखू शकतो हे सिद्ध झालंय, चारशे रिसेप्टरांत. आणि तरीही कुत्र्याच्या मानाने आपलं नाक म्हणजे काहीच नाही, आपल्यातले अर्ध्याहून जास्त जीन्स मेलेत ते त्यामुळेच, डोळे चांगले झाले आणि नाक गेलं.

चेतातंतू:

दोन्ही गोष्टी जरा जपून घ्यायला हव्यात.

एक लाख कोटीचा आकडा २०१४ च्या पेपरमधला. मिश्रणं करून लोकांना वेगळी ओळखता येतात का बघितलं आणि त्यावरून गणिताने तो आकडा काढला. वर्षभरातच दोन वेगळ्या गटांनी दाखवलं की त्याच माहितीवर गृहीतकं थोडी हलवली तर आकडा कुठल्या कुठे जातो, खालीही आणि वरही. प्रयोग वाईट नव्हता, पण सिद्ध झालं म्हणण्यासारखा आकडा तो नाही. त्याआधी पुस्तकांत दहा हजार वास असं छापायचे त्यालाही धड आधार नव्हता.

जीन्सच्या संख्येचं म्हणशील तर उंदराकडे चालू जीन्स अकराशेच्या आसपास, कुत्र्याकडे आठशेच्या, आफ्रिकन हत्तीकडे जवळपास दोन हजार. म्हणजे संख्येने कुत्रा उंदराच्या मागे! वास किती छान येतो हे जीन्सच्या संख्येवर थेट ठरत नाही. कुत्र्याच्या नाकाची आतली रचना, हवा खेळवायची पद्धत, पेशींची संख्या, सगळं त्यात आलं. काही द्रव्यांना माणसाचं नाक कुत्र्याच्या तोडीचं किंवा सरस निघालंय. माणसाचं नाक कमकुवत ही समजूत एकोणिसाव्या शतकात पॉल ब्रोका यांच्या मेंदूच्या वर्गीकरणातून पसरली, आणि २०१७ मध्ये जॉन मॅकगॅन यांनी ती कशी रुजली ते सविस्तर मांडलं. खरंच नाक गेलेला प्राणी बघायचा तर डॉल्फिन, त्यांना ओल्फॅक्टरी बल्बच उरला नाही.

आणि मेलेले जीन्स म्हणतोस त्यातली सीमाही पक्की नाही. काही जीन्स एका माणसात चालू आणि दुसऱ्यात बंद असतात. २०१४ च्या एका अभ्यासात असं दिसलं की कुठलीही दोन माणसं घेतली तर त्यांच्या वासाच्या रिसेप्टरांच्या प्रतींपैकी सरासरी ३० टक्क्यांहून जास्त प्रतींच्या वागणुकीत फरक असतो. म्हणजे इथे या धाग्यावर आपण जेवढे जण आहोत तेवढी नाकं.

पाऊलवाट:

मी फक्त वाचत होते पण आता लिहितेच. करोनानंतर माझा वास पूर्ण गेला होता. पाच महिने काहीही नाही, आणि मग आला तो वेडावाकडा, कॉफी जळक्या रबरासारखी, साबण कुजल्यासारखा. लोक म्हणायचे वास तर आहे, त्यात काय एवढं. मी किती रडलेय ते मला माहीत. स्वतःच्या बाळाच्या डोक्याचा वास येईना की काय वाटतं ते सांगता येत नाही. रेणुवेडीला जे आहे ते आणि मला जे झालं ते एकच का? आणि माझे रिसेप्टर जीन्स खराब झाले का त्यात?

चेतातंतू:

पाऊलवाट ताई, आधी हे सांगतो, जीन्स खराब झालेले नाहीत. रेणुवेडीचा फरक जन्मापासूनचा, एका जीनपुरता. तुमचं वेगळं. करोनाचा विषाणू वासपेशींत शिरत नाही फारसा, शिरतो तो त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींत, कारण त्याला हवं असलेलं एसीई२ प्रोटीन त्यांच्यावर असतं. शेजारी कोसळले, आजूबाजूला सूज आली, की त्या धक्क्याने वासपेशींच्या केंद्रकातली जीन्सची मांडणी विस्कटते. वर ग्रीक बेटं म्हणालो ना, ती एकत्र येतच नाहीत, आणि रिसेप्टर बनायचे थांबतात. २०२२ मध्ये हे दाखवलं गेलं. जीन जागेवर असतो, फक्त वाचला जात नाही.

वासपेशी या थोड्या चेतापेशींपैकी आहेत ज्या आयुष्यभर नव्या बनतात, तळाच्या मूळ पेशींपासून. नवी पेशी नवा रिसेप्टर निवडते आणि धागा परत मेंदूपर्यंत न्यावा लागतो. या काळात काही रिसेप्टर परत आलेत काही नाहीत अशी अर्धवट अवस्था असते, नमुना फाटका, आणि मग वास वेडावाकडा. भाजलेल्या कॉफीत गंधक असलेले काही रेणू असतात, फारच कमी प्रमाणात जाणवणारे, अशा लोकांना नेमके तेच घाण लागतात असं दिसलंय. वासांचा सराव करून बघितलात का? गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, दिवसातून दोनदा, प्रत्येकी थोडा वेळ लक्ष देऊन हुंगायचं, निदान बारा आठवडे. २००९ मध्ये थॉमस हुमेल यांच्या गटाने हा मांडला, धोका काही नाही आणि बऱ्याच जणांना फायदा होतो. डॉक्टरांना विचारून करा.

पाऊलवाट:

चौथा महिना चालू आहे सरावाचा. लवंग परत आलीये, खरी लवंग. आणि बाळाचं डोकंही, थोडं थोडं. जीन जागेवर असतो हे वाचून फार बरं वाटलं, कुणी असं सांगितलंच नव्हतं.

रेणुवेडी:

ताई, वाचून डोळे भरून आले. लवकर सगळं परत येऊ दे.

चेतातंतू दादा, शेवटचा प्रश्न. रिसेप्टरचा खिसा दिसतो कसा? म्हणजे कुलूप-किल्ली म्हणतात तसंच का? कुठेतरी रेणूच्या कंपनांवरून वास ठरतो असंही वाचलं.

चेतातंतू:

कंपनांची कल्पना लुका ट्युरिन यांनी १९९६ मध्ये नव्याने मांडली. कल्पना देखणी आहे पण रिसेप्टरवर तपासली तेव्हा टिकली नाही, मस्कोनमधले हायड्रोजन ड्युटेरियमने, म्हणजे जड हायड्रोजनने, बदलले, कंपनं बदलली, तरी ओआर५एएन१ ला काही फरक पडला नाही. उलट आकार महत्त्वाचा याचा पुरावा तुझ्या विषयातलाच आहे, कार्व्होनचे दोन आरशातले रेणू, एक पुदिन्यासारखा, दुसरा शहाजिऱ्यासारखा.

खिसा प्रत्यक्ष बघायला मात्र १९९१ नंतर तीस वर्षांवर थांबावं लागलं. ही प्रोटीन्स भयंकर हट्टी आहेत, नाकातल्या पेशीबाहेर बनवायला गेलं की पेशीच्या आतच अडकून पडतात, पडद्यापर्यंत पोचतच नाहीत. हिरोआकी मात्सुनामी यांच्या गटाने २००४ मध्ये आरटीपी१ आणि आरटीपी२ ही मदतनीस प्रोटीन्स शोधली म्हणून निदान प्रयोगशाळेत तपासणं शक्य झालं. मग २०२३ मध्ये ओआर५१ई२ ची रचना क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने मिळाली. हा निवडला कारण तो नाकाबाहेर प्रोस्टेटमध्येही भरपूर असतो, त्यामुळे दुसऱ्या पेशींत बनवायला बरा. त्यात प्रोपियोनेट, एका छोट्या आम्लाचा रेणू, बसलेलं दिसतं, सगळीकडून बंद अशा इवल्याशा खिशात, त्याचा आम्लाचा भाग रिसेप्टरच्या एका आर्जिनीन या अमिनो ॲसिडला धरून. खिशातली दोन जाडी अमिनो ॲसिड बारीक केली तर रिसेप्टर लांब शेपटीची आम्लंही घ्यायला लागतो. म्हणजे खिशाचं माप ठरवतं आत कोण येणार. कुलूप-किल्ली मात्र म्हणू नये असं मला वाटतं, एका कुलपाला इतक्या किल्ल्या लागत नाहीत. पावसाळी बुटासारखं म्हण, थोडं मोठं-छोटं पाऊल चालतं, अगदीच बेताबाहेर असलं की नाही.

रेणुवेडी:

परत आलेय, निकाल घेऊन.

गंधकोश ताईंनी सांगितलं तसं केलं. मिनरल ऑइल, तीन पातळ्या, प्रत्येकी सहा फेऱ्या, पट्ट्या मैत्रिणीने लावल्या. आई हजारपटीलाही सहापैकी सहा बरोबर. बाबा पाच. मी हजारपटीला दोन आणि शंभरपटीला दोन, म्हणजे निव्वळ नशीब. दहापटीला सहाही बरोबर ओळखल्या, पण आंबूसपणावरून, फुलं कुठेच नाहीत.

आणि धाकटा भाऊ होस्टेलवरून आलाय, त्यालाही बसवलं. तो शंभरपटीपर्यंत चाचपडत होता आणि दहापटीच्या पट्टीला तोंड वाकडं करून म्हणाला, यात व्हिनेगर का टाकलंय. आई जोरात हसली आणि मी मात्र गप्पच झाले, कारण आईच्या कपाटातल्या त्या जुन्या अत्तराला तो लहानपणापासून आंबट म्हणायचा, आणि मला तर त्यात तसंही काही यायचं नाही, तरी सगळे म्हणायचे म्हणून मीही त्याला म्हणायचे की तुझं लक्ष नसतं. आज त्याला सगळं समजावून सांगितलं, वार आणि वारासकट. त्याने ती पट्टी खिशात ठेवलीये, होस्टेलवर सगळ्यांना हुंगायला देणार म्हणतोय.

ताई, मी पण वही केलीये. पहिल्या पानावर बीटा-आयोनोन.